दम आला की आत

धाराशिवात आमच्या घरामागच्या मैदानावर ते रोज संध्याकाळी पोरींना फुटबॉल शिकवायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पोरी त्यांना कोच म्हणायच्या, म्हणून मीही. मी शाळेतून निवृत्त झालेला, म्हणून ते मला गुरुजी म्हणायचे. मूळचे येरमाळ्याकडचे. फौजेत असताना लडाखला गोठलेल्या तळ्यावर ते आइस हॉकी खेळले होते. "आमच्याकडं बर्फ म्हंजे गोळ्याच्या गाडीवर," असं सांगून आधी स्वतःच हसायचे.

त्या खेळातली एक सवय त्यांनी इथल्या मुरमावर आणली होती. पोरगी धापा टाकू लागली की तिला बाकावर बोलवायचे आणि दुसरीला आत धाडायचे. बाहेर आलेली रुसली तर तिच्या हातात पाण्याची बाटली द्यायचे.

"अगं, तुला काढलं न्हाय. बर्फावर समदे असंच खेळत्यात. दम लागला की बाहेर, दम आला की आत. बाकावरचा बी खेळातच असतो."

बायको गेल्यावर मला घरात बसवेना. मी संध्याकाळी त्याच बाकावर जाऊन बसू लागलो. बाकी सगळे भेटले की सांत्वन करायचे. कोच फक्त सरकून जागा द्यायचे आणि पोरींसारखीच मलाही बाटली. तेवढं मला पुरायचं.

बरेच महिने असेच गेले. एका संध्याकाळी गोलकीपर पोरगी आली नाही. कोचनी मैदानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय गुरुजी, आला का दम?"

मी चपला बाकाखाली सरकवल्या.