शक्य तितक्या लवकर

आमचं शिलाईचं दुकान आहे. शिवायचं बायकोने, कापायचं मास्तरांनी आणि गल्ल्यावर बसून तोंड चालवायचं मी, अशी कामाची वाटणी. पाटी तिच्या नावाची, गिऱ्हाईक तिच्या ओळखीचं, आणि सगळी गल्ली तिला ताई म्हणते. मला ‘ताईंचे मिस्टर’ म्हणतात. आधी राग यायचा, आता त्याच नावाने पार्सल आलं तरी मी सही करून घेतो.

ताईची शाळा सातवीत सुटली. आई गेली, वडील दिवसभर कामावर आणि घरात पाच वर्षांचा भाऊ. शेजारणीच्या मशिनवर ती उशांचे अभ्रे शिवायला बसली तेव्हा तिचे पाय खाली नीट पोचतही नव्हते. त्या अभ्र्यांवर तिने भावाला शिकवलं, वकील केलं. लग्न ठरताना तिची एकच अट होती, की बाळू आपल्याकडेच राहील. मी म्हटलं राहू दे, पोरगं लहान आहे. ते पुढे आमदार होणार हे कोणी आधी सांगितलं असतं तर जरा विचार केला असता.

थट्टा सोडा, माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. निवडून आल्यावरही भाषण लिहिलं की बाळू आधी दुकानात येऊन ताईला वाचून दाखवायचा. ती मशिन चालवत ऐकायची आणि तो मशिनच्या वर आवाज काढून वाचायचा. “सभागृहात याहून जास्त कल्ला असतो,” म्हणायचा.

मग बाजारात स्फोट झाला. पुष्कळ माणसं गेली, त्यात आमची दोन गिऱ्हाइकंही होती. सरकारने वटहुकूम काढला की संशय असेल त्याला पोलिसांनी चौकशीला न्यावं आणि कुठे ठेवलंय ते घरच्यांना सांगायची गरज नाही. आम्ही म्हटलं, बरं झालं. खोटं कशाला बोलू? तेव्हा मलाही अनोळखी माणूस दुकानात आला की त्याच्या हातातल्या पिशवीकडेच आधी बघायची सवय लागली होती.

एका दुपारी साध्या कपड्यांतले दोघं आले. त्यांनी एक करडा कोट टेबलावर ठेवला. कॉलरच्या आत आमचं लेबल होतं. “हा इथलाच का?” एकाने विचारलं. मी बेरकी माणूस, ‘बघावं लागेल’ म्हणून वेळ मारून नेणार होतो. तेवढ्यात मास्तरांनी कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“इथला का म्हणजे? मीच कापलाय. हा खांदा बघा, एक सुरकुती नाही. दुसऱ्या कोणाला असा बसवून दाखवू दे!”

“कोणासाठी कापला?”

“ते नाही आठवत हो. मी माणूस विसरतो, खांदा विसरत नाही.”

पाहुणे कौतुक करायला आलेत असंच त्यांना वाटत होतं. “जरा बाहेर या,” म्हणाल्यावर मास्तर गळ्यातली टेपसुद्धा न काढता त्यांच्या मागोमाग गेले आणि आम्ही बघत राहिलो.

कोट एका संशयिताच्या घरात सापडला होता, एवढं बाळूकडून फोनवर कळलं. मास्तर कुठे आहेत ते त्याला सांगता येत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे. ताईने मशिन कापडाने झाकलं आणि मला घेऊन तडक पोलीस ठाणं गाठलं.

“कोट माझ्या दुकानातला आहे,” तिने अधिकाऱ्याला सांगितलं. “लेबल माझं, कॉलर मी लावलीय. पैसेही मीच घेतले असणार. मास्तर पगारी माणूस. काय विचारायचं ते मला विचारा.”

अधिकाऱ्याने उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. चहा मागवला. “साहेब कसे आहेत?” म्हणाला. ताईने तेच सगळं पुन्हा सांगितलं, तर त्याने चहात साखर बरोबर आहे का विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांचं नाव काढलं की तो कानावर हात ठेवायचा, आणि बाळूचं नाव आपण होऊन काढायचा.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची बायको आमच्या दुकानात येऊन बसायला लागली. घरी बसवत नव्हतं बिचारीला. काज-बटण करायच्या स्टुलावर बसायची, हातात नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. दारात कोणीही आलं की अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची.

अशात वटहुकमाचा कायदा करायचं ठरलं आणि बाळू भाषण घेऊन आला. तो त्या कायद्याच्या समितीवर होता. मशिन चालू होतं. “सुरक्षा आणि स्वातंत्र्य ही एकाच घरातली दोन माणसं आहेत,” त्याने वाचलं. “एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घालता येणार नाही.” वाक्य बरं होतं. मग तो स्वतःच्या दुरुस्तीवर आला. घरच्यांना कळवायची सोय मूळ मसुद्यात नव्हतीच. याने भांडून, कोणाकोणाच्या नाकदुऱ्या काढून एक ओळ घालून घेतली होती, की घरच्यांना शक्य तितक्या लवकर कळवावे.

ताईने मशिन थांबवलं.

“शक्य तितक्या लवकर? अरे, हे तर आपण गिऱ्हाइकाला सांगतो. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसते तेव्हा.”

मला हसू आलं. बाळूला नाही आलं. “माहितेय, ताई. म्हणूनच तर त्यांनी मान्य केलं.”

“मग तारीख घाल. अमुक दिवसात कळवा म्हणून.”

“तारीख घातली तर ही ओळही जाईल. मग काहीच हातात राहत नाही.”

“आत्ता काय आहे हातात?” मी म्हटलं.

“भावोजी, स्फोटात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी मी जाऊन आलोय,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “एका बापाने विचारलं, तुम्हाला आधी काहीच कळलं नव्हतं का? कळलं होतं. एकाला उचललं होतं, पण घरच्यांना कळवल्याबरोबर बातमी फुटली आणि बाकीचे पळाले. त्या बापाला मी काय सांगू? ही तारेवरची कसरत आहे, तुम्हाला इथून सोपी वाटते.”

हेच डोक्यात जातं. बाळूला चूक म्हणायला जावं, तर त्याच्या बोलण्यात कुठेतरी बरोबर असतंच. आणि बरोबर म्हणावं, तर समोर स्टुलावर ती बाई बसलेली.

“कोट माझ्या दुकानातला,” ताई म्हणाली. “मग मला का नाही नेलं?”

बाळूने भाषणाचे कागद सारखे केले.

“तू आहेस म्हणून. मास्तरांना कोण आहे? निदान एक फोन तरी कर.”

“मी फोन केला की तो वशिला झाला, ताई. ज्याचा मेहुणा, ज्याचा भाऊ आमदार, तो सुटणार. मग कायदा कशाला?”

इतका वेळ मास्तरांची बायको खाली बघत होती. तिने हळूच विचारलं, “साहेब, यांच्या गोळ्या कुठे द्यायच्या, तेवढं तरी सांगाल?”

“विचारतो,” बाळू म्हणाला आणि त्याने कागदात डोळे घातले.

कायदा मंजूर झाला, बाळूच्या ओळीसकट. भाषणाचं सगळ्यांनी कौतुक केलं. विरोधकसुद्धा म्हणाले, अभ्यासू माणूस आहे. बाळूला समितीचं अध्यक्षपद मिळालं आणि सोबत एक बंदूकधारी पोलीस. मास्तरांच्या घरी कोणी काही कळवलं नाही. दुकानात कापायला माणूस नव्हता, ताई स्वतः कापायची आणि चुकायची. चुकलं की कापडावर नाही, माझ्यावर चिडायची.

आणि एका सकाळी मास्तर आपणहून दुकानात आले. सोडलं, म्हणाले. कशाबद्दल नेलं, कशाबद्दल सोडलं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यांनी कात्री उचलली आणि काम काय आहे विचारलं. मारलं का, असं मी विचारलं, तर ‘नाही हो’ म्हणाले. त्यापुढे एक अक्षर नाही.

ताईने बाळूला फोन केला. तो लगेच निघाला. आनंदच झाला होता त्याला, फोनवर म्हणाला, “बघ, चौकशी झाली, निर्दोष निघाले, सुटले. कायदा बरोबर चालला की!”

गाडी दारात थांबली. आधी पोलीस आत आला. त्याने दुकानभर नजर फिरवली आणि विचारलं, “मास्तर कोण इथे?”

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. भिंतीकडे तोंड केलं, पाय फाकवले आणि दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभे राहिले. कोणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. स्टुलावरच्या त्यांच्या बायकोने तोंडावर पदर धरला. ताई मशिनवरून उठली.

मागून बाळू हसत हसत आत आला. “मास्तर, आधी तुम्हाला भेटायचं म्हणून...” एवढं बोलून तो थांबला.

“अहो मास्तर, मी आहे, बाळू. वळा इकडे.”

मास्तर हलले नाहीत.

“मास्तर, ऐकताय ना? मी सांगतोय, वळा.”

“पोलीससाहेबांना सांगू द्या,” मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

बाळूने पोलिसाकडे बघितलं. पोलिसाने त्याच्याकडे. माझ्या मेहुण्याने मान हलवून त्याला खूण केली.

“वळ,” पोलीस म्हणाला.

मास्तर लगेच वळले.

“आता वाच तुझं भाषण,” ताई भावाला म्हणाली. “मशिन बंद आहे. मास्तरांना नीट ऐकू जाईल.”

बाळूने पोलिसाला बाहेर जायची खूण केली. शेवटी त्याची जिरली होती, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.