साहेबांच्या कपाळावरचं गंध

साहेब काचेवरून निघत नव्हते. चारही कोपरे सुटले होते, दोन्ही कान सुटले होते, टायसुद्धा सुटला होता. कपाळ मात्र काचेला घट्ट धरून बसलं होतं.

दुपारचे बारा वाजले होते. पाच वाजता साहेबांच्या कचेरीत त्यांचा निरोप समारंभ होता आणि हाच फोटो त्यांना भेट द्यायचा होता. दुसरी प्रत नव्हती. तेवढा मोठा कागदही घरात उरला नव्हता.

आधी आमचं काम सांगते. आमच्या यांचे मावसभाऊ बबनभाऊ यांचा नागपुरात सक्करदऱ्याला फोटो स्टुडिओ होता. फोटो बबनभाऊ काढायचे, फिल्मही तेच धुवायचे. फिल्मवरून कागदावर फोटो उतरवणं, म्हणजे प्रिंटिंग, तेवढं आमच्या घरी व्हायचं. आधी ते काम हे करायचे. पण डेव्हलपर नावाच्या औषधानं यांच्या बोटांना फोड यायला लागले. मग मी हात घातला. माझ्या हातांना काहीच झालं नाही. माहेरी माग होते, सूत रंगवता रंगवता ते हात लहानपणीच पक्के झाले होते.

मी चौथी शिकलेली. डब्यांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून मी डेव्हलपरच्या डब्याला लाल चिंधी बांधली आणि हायपोच्या डब्याला पांढरी. पण प्रिंटिंग लाल बल्बच्या उजेडात करतात आणि त्या उजेडात लाल चिंधी आणि पांढरी चिंधी एकसारखीच दिसते. हे कळायला माझे दोन दिवस आणि एका बारशाचे सगळे फोटो गेले. पुढे मी गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे डेव्हलपर, त्यात कागदावर चेहरा उगवतो. दोन गाठी म्हणजे हायपो, त्यात उगवलेला चेहरा पक्का होतो. हायपो आधी लागला तर कोणीच उगवत नाही.

काम न्हाणीत चालायचं. दाराच्या फटीत घोंगडी कोंबायची, पाटावर एन्लार्जर ठेवायचा. एन्लार्जर म्हणजे उलटा टांगलेला कंदील समजा. त्याच्या पोटात फिल्म घातली की खाली कागदावर माणूस मोठा होऊन पडतो. मला ते काम फार आवडायचं. न्हाणीचं दार लावलं की कोणाशी बोलावं लागत नसे, आणि अंधार घालवायचा नाही म्हणून कोणी दार वाजवतही नसे.

साहेबांच्या फोटोची फिल्म देताना बबनभाऊ म्हणाले होते, "वहिनी, हा फोटो जमला तर साऱ्या कचेरीच्या ओळखपत्रांचे फोटो आपल्याले. बिघडला तर ते काम चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत गेलं समजा. मंग मी तुमच्याकडं काय पाठवू? लग्नसराई तर सरली."

मी नुसती मान हलवली. पण त्या रात्री पोळ्या करपल्या.

मोठे कागद त्यांनी तीनच दिले होते. मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात औषधाचं पाणी चहासारखं गरम होतं आणि फोटोच्या कागदावरचा थर नरम पडतो. पहिल्या कागदावर साहेबांची हनुवटी माझ्या बोटाबरोबर सरकली. दुसऱ्यावर मी बर्फ जास्त घातला, तर साहेब उगवायलाच तयार होईनात, आणि उगवले तेव्हा आजारी दिसत होते. तिसरा मात्र छान निघाला. चष्मा, टाय, डोक्यावरचे मोजके केस, सगळं स्वच्छ.

राहिली चकाकी. त्या काळी फोटोला चकाकी आणायला ओला कागद तोंड खाली करून पत्र्यावर नाही तर काचेवर दाबून बसवायचे. वाळला की तो तडतड वाजत आपोआप सुटतो, आणि काचेसारखाच चमकतो. स्टुडिओतले पत्रे लहान फोटोंचे. एवढ्या मोठ्या साहेबांना मावेल अशी काच घरात एकच होती. ती माझ्या सासऱ्यांच्या तसबिरीची.

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भावाकडे पारशिवनीला गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मी सासऱ्यांना नमस्कार केला, तसबीर उतरवली, खिळे काढले. त्यांचा फोटो वाकू नये म्हणून खाटेवर नीट पसरला आणि खाली उशी दिली. काचेची आतली बाजू धुळीनं भरलेली होती, बाहेरची लख्ख होती. मी लख्ख बाजू पाहिली, धुतली आणि साहेबांना त्यावर बसवलं.

आणि आता कपाळ सुटत नव्हतं.

मी ओल्या फडक्याची घडी कपाळामागे धरून बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. आत्याबाई एक दिवस आधीच परत आल्या होत्या. पिशवी खाली ठेवली आणि त्यांची नजर खाटेवर गेली.

"काहून वं, यायले काहून निजवलं खाटेवर?"

"काच पाहिजे होती, आत्याबाई."

"अन् त्या काचेवर हा कोन होय?"

"साहेब होय."

"कोनाचा साहेब?"

"कचेरीचा. आज रिटायर होऊन राहिले."

"मंग रिटायर होऊन आमच्या घरी काय करून राहिला?"

यांनी मध्ये पडून समजावलं. कपाळ अडकलं आहे, ओढलं तर फाटेल, भिजवलं तर या उन्हात थर विरघळेल, म्हणून थोडा थोडा ओलावा देऊन वाट पाहतो आहोत. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदाचा एक कोपरा चिमटीत धरला.

"एवढं काय त्याच्यात. एक झटका देला का सुटते."

"आई, थांब गा!" हे ओरडले. 'गा' पुरुषाला म्हणतात, बाईला 'वं'; पण घाबरले की यांना आई आणि भाऊ यांतला फरक कळत नसे.

टर्र.

साहेब सुटले. कपाळावरचा थर काचेलाच राहिला. भिवयांच्या मधून केसांपर्यंत, उभा, बोटाएवढ्या रुंदीचा, पांढरा पट्टा.

हे भिंतीला टेकून खाली बसले. "गेलं. साऱ्या कचेरीचं काम गेलं."

मी काच उन्हात धरून पाहिली तेव्हा कारण समजलं. आत्याबाई रोज सासऱ्यांच्या कपाळावर, म्हणजे तसबिरीच्या काचेवर, चंदनाचं उभं गंध लावत. दुसऱ्या दिवशी ते राखेनं घासून काढत आणि नवं लावत. अकरा वर्षं, एकाच जागी, अनामिकेनं, खालून वर. तेवढी जागा बारीक ओरखड्यांनी भरली होती. फोटोच्या कामात काचेवर एक केसाएवढा ओरखडा चालत नाही, ओला कागद तिथेच दात रोवतो. आणि मी साहेबांचं डोकं अगदी सासऱ्यांच्या डोक्याच्या जागी बसवलं होतं. काच उलटून आतल्या बाजूला बसवले असते तर काही झालं नसतं.

आत्याबाईंनी चष्मा लावला आणि साहेबांना हातात घेऊन पाहिलं.

"कायले रडून राहिले बापा? गंध लावलं असं दिसून राहिलं. आधीपेक्षा बरा दिसते मानूस."

"तो साहेब गंध लावत नसन तर?" हे म्हणाले.

"नसन लावत, तर लावाले पाहिजे. रिटायर झाला न आता."

फोटोवर पांढरा ठिपका राहिला तर तो काळ्या शाईनं हलका भरून टाकतात. त्याला आम्ही स्पॉटिंग म्हणायचो. पण ते थर शाबूत असताना. इथे उघडा कागद होता. मी पहिल्या, बिघडलेल्या कागदाचा थर एका कोपऱ्यात फाडून तिथे शाई लावून पाहिली. कागदानं ती प्यायली आणि डाग पावलीएवढा झाला. साहेबांच्या कपाळाला भोक पडल्यासारखं दिसलं असतं. मी ब्रश खाली ठेवला. मग ब्लेड उचललं, आणि पट्ट्याच्या फाटक्या कडा तेवढ्या खरवडून सारख्या करून घेतल्या. खाली जरा निमुळतं, वर सरळ. खोटंच सांगायचं तर निदान रेघ सरळ असावी.

तीन वाजता बबनभाऊ सायकलरिक्षा घेऊन आले. त्यांनी फोटो पाहिला.

"हे काय होय, वहिनी?"

"गंध," मी म्हटलं.

"पन हा मानूस देवळावरून जाते त रस्ता बदलते! चपराशी प्रसाद देते तो फायलीखाली ठेवते. सारी कचेरी जानते."

"आज लावलं," आत्याबाई आतून म्हणाल्या.

बबनभाऊंनी घड्याळ पाहिलं. करण्यासारखं काही नव्हतं. फोटोला तयार फ्रेम घातली, पण पाठीचा पुठ्ठा नीट बसला नव्हता म्हणून कोणीतरी तो मांडीवर धरून बसायला हवं होतं. हे सायकलनं पुढे निघून गेले होते. त्यामुळे मला जावं लागलं. रिक्षात मी साहेबांना पदराखाली घेऊन बसले. उन्हानं फोटो तडकू नये म्हणून. लोकांना काय वाटलं कोण जाणे.

हॉलमध्ये मी सगळ्यात मागे, चपराशांच्या बायकांजवळ बसले. भाषणं झाली. हेडक्लार्कनी वर गुंडाळलेला कागद फाडून फोटो वर धरला आणि टाळ्या सुरू होता होता थांबल्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी हळू म्हणालं, "साहेबानं गंध कधीपासून लावलं गा?" दुसरा म्हणाला, "पेन्शन मंजूर व्हायची आहे न."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे गंध कोणी लावलं?"

बबनभाऊ दोन पावलं पुढे आले. "साहेब... कारागिरानं."

"कारागीर आला आहे का?"

बबनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग यांनी पाहिलं. मग सगळ्या हॉलनं पाहिलं. मी पदर इतका पुढे ओढला की मला माझेच पाय तेवढे दिसत होते. दोनशे वेळा न्हाणीचं दार लावलं असेल मी, पण त्या वेळेइतकी त्या दाराची आठवण कधी आली नव्हती. कचेरीचं काम गेलं, बबनभाऊंची फिल्म यायची बंद झाली, आता दिवसभर लोकांसमोर बसून काय करायचं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून साहेबांच्या पत्नी उठल्या. जवळ जाऊन त्यांनी फोटो पाहिला. मग साहेबांना पाहिलं. मग परत फोटो.

"अहो, किती छान दिसताय!"

"मी गंध लावलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"तेच तर. लग्न झाल्यापासून सांगते आहे, सणाच्या दिवशी तरी लावा. ऐकलंत कधी?"

"हा प्रश्न तत्त्वाचा आहे."

"असेना. फोटोत तरी तत्त्व दिसत नाही." आणि त्या बबनभाऊंकडे वळल्या. "मला याच्या चार प्रती हव्यात. दोन मुलींना, एक माझ्या माहेरी, एक सासूबाईंना. आणि गंध असंच, अगदी असंच. ज्यांनी लावलं त्यांना सांगा, हात फार चांगला आहे."

टाळ्या पडल्या. हेडक्लार्कनी तिथल्या तिथे बबनभाऊंना ओळखपत्रांसाठी सोमवारी यायला सांगितलं. निघताना साहेब बबनभाऊंच्या जवळ आले आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "एक बिनगंधाची. घरच्या पत्त्यावर नको, मी स्वतः येऊन नेईन."

घरी आल्यावर यांनी पेढे आणले. आत्याबाईंनी पहिला पेढा सासऱ्यांपुढे ठेवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. "मी न ओढतो त काय झालं असतं?" असं त्या नंतर शेजारणीला सांगत होत्या.

बिनगंधाचे साहेब पहिल्याच कागदावर निघाले. खरा ताप त्या चार प्रतींचा झाला. फाडून तसंच गंध चार वेळा निघणार नव्हतं. फिल्मवर जिथे काळं असेल तिथे कागदावर पांढरं येतं, म्हणून फिल्मवरच काळ्या रंगाचा ठिपका द्यावा लागणार होता. पण फिल्मवर साहेबांचं सगळं डोकं चिंचोक्याएवढं. त्यावर गंध म्हणजे मुंगीच्या पायाएवढं. पहिल्यांदा ते डाव्या भिवईवर गेलं. दुसऱ्यांदा नाकावर उतरलं. तिसऱ्यांदा इतकं जाड आलं की साहेबांना शिंग फुटल्यासारखं झालं. शेवटी ब्रश बाजूला ठेवला, बाभळीचा काटा रंगात बुडवून श्वास धरून टेकवला, तेव्हा कुठे जमलं. त्यात सात मोठे कागद गेले आणि बबनभाऊ तीन दिवस माझ्याशी फक्त यांच्यामार्फत बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही.

प्रती पोचल्यावर बाईसाहेबांचा निरोप आला की फोटो सुरेख आहेत, पण पहिल्या गंधाची सर नाही.

तेव्हापासून मी एक पाळलं. बिघडलेलं काम गिऱ्हाइकाला आवडलं, तर लगेच हो म्हणू नये. तेच काम पुन्हा तसंच बिघडवता येईल का, हे आधी पाहावं.