अक्कांचा उखाणा

जळगावच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. म्हातारपणाच्या विस्मरणावर संशोधन करणारे आमचे डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून प्रत्येकाला बजावत, “म्हातारचळ म्हणायचं नाही. मेंदूचा आजार आहे हा.”

एकदा मुंबईहून आलेल्या नव्या डॉक्टरांनी एरंडोलच्या अक्कांना नवऱ्याचं नाव विचारलं. त्या गप्पच. “विसरल्या,” नवे डॉक्टर म्हणाले.

“अहो, असं कोण सांगतं?” आमचे डॉक्टर हसले. “अक्का, उखाणा घ्या.”

अक्कांनी मान खाली घातली. “केळीच्या बागेत पाण्याचा पाट, आत्मारामरावांची पाहते मी वाट.” मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, नानांकडे, बोट करून त्यांनी विचारलं, “हाऊ कोन शे?”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “नाना, आता तुम्ही घ्या नाव.”

नानांनी भर दवाखान्यात नाव घेतलं. अक्कांनी लाजून पदर पुढे ओढला.