दारोदार हॅलोवीन

जयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिही, म्हणून गायकवाड कधीपासून माझ्या मागं लागला आहे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलं की कंबर धरते आणि शब्द सापडत नाहीत. पण हा गडी ऐकत नाही. "सदा, तुझे हॅलोवीनचे किस्से लिही. लोक हसतील." लोकांना हसवायचा मक्ता मी घेतलेला नाही. तरी लिहितो. एकदाचा त्याचा फोन तरी बंद होईल.

असल्या गोष्टींचं एक आहे. एक सांगायला घेतली की तिच्या मागनं दुसरी येते. इथं विलायतेत लेस्टरमध्ये ऑक्टोबरात दारापुढं ओली पानं साचतात, तसं. लोटून काढा, सकाळी परत तेवढीच.

* * *

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. मी होजिअरीच्या फॅक्टरीत, कापड रंगवायच्या खात्यात. संध्याकाळी घरी आलो तर किचनमध्ये टेबलाला तीन गोरी पोरं बसलेली. अंगात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, तोंडाला राख फासल्यासारखं काहीतरी. आणि आमची कमल त्यांना वरणभात वाढत होती.

"ही कोण?"

"मागायला आलीवती. थंडीनं कुडकुडत हुती दारात. अंगात कापड नाय, पिशव्या घातल्यात बघा. म्हणून घेतली आत."

पोरं आली होती आम्हाला घाबरवायला. आता तीच घाबरून, मुकाट्यानं चमच्यानं भात खात होती. त्यातली एक ट्रेसी, शेजारच्या पॅटची पोरगी. थोड्या वेळानं पॅट तिला शोधत आली आणि हॅलोवीन म्हणजे काय ते तिनं मला समजावून सांगितलं. ते मी कमलला सांगितलं, की घरात खायला असून ही पोरं ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी भुतांची सोंगं घेऊन मजा म्हणून दारोदार मागत फिरतात. नाही दिलं तर खोड्या काढतात. आईबापच पाठवतात.

कमल भांडी घासायला लागली. मग म्हणाली, "मजा व्हय ही? आपल्या बापांना कुणी सांगितलंच नाय."

अंक नवीन पोरं वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात आमच्या वस्तीतल्या घरांना येसकरकीची पाळी असायची. पाळी आली की त्या घरच्या माणसानं गावाची पडेल ती कामं करायची. आणि संध्याकाळी डोक्यावर घोंगडं, हातात घुंगराची काठी घेऊन घरोघर फिरायचं. दारापासून लांब उभं राहून ओरडायचं, "जोहार मायबाप, येसकराला भाकर वाढा." मिळेल ते शिळंपाकं घ्यायचं. माझा बाप हे करायचा. मी डोळ्यांनी बघितलंय.

गाव सोडलं तेव्हा एक ठरवून सोडलं. माझ्या घरातलं माणूस कुणाच्या दारात हात पसरून उभं राहणार नाही. देव सोडले, भुतंखेतं सोडली, ते सोपं होतं. हे एक मात्र घट्ट धरून ठेवलं.

* * *

गायकवाड बस चालवायचा. वाचलेला माणूस. भुतं मानणं ही अंधश्रद्धा आहे, तिला आपण खतपाणी घालता कामा नये, असं त्याचं म्हणणं. एका हॅलोवीनला त्यानं दारावर इंग्लिशमध्ये पाटीच लावली. 'या घरात कोणी भूत मानत नाही. कृपया बेल वाजवू नये.'

पोरांनी बेल वाजवली नाही. अंडी मारली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हा बादली घेऊन दार धूत होता.

"काय रे, कोण आलं होतं?"

"भुतं."

"तू तर मानत नाहीस."

"भुतं नाही मानत. अंडी मानावी लागतात. वाळली की निघत नाहीत."

आम्ही दोघंही हसलो. पुढं जानेवारीत त्याच्या दारावर परत अंडी पडली. त्या वेळी मारणाऱ्या गोऱ्यांनी तोंडं रंगवलेली नव्हती. ते गायकवाडनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. पाटी तेवढी काढली.

* * *

आमची सुजाता सात-आठ वर्षांची झाली. ट्रेसी तिच्याहून मोठी, पण दिवसभर दोघी एकत्र.

"पप्पा, हॅलोवीनला सगळे जातात."

"जाऊ देत."

"मग आपण का नाही?"

"आपण नाही म्हणून नाही."

पोरीनं माझ्याशी बोलणं सोडलं. कारण तिला सांगितलं नव्हतं. एवढ्याशा पोरीला काय सांगायचं? शेवटी कमलनंच वाट काढली. "मागायचं नाय ना? मग देऊ द्या तिला."

यात मला खोट दिसली नाही. कमलनं बेसनाचे लाडू केले, एकेक चंदेरी कागदात गुंडाळला. सुजाता पांढरी चादर पांघरून ट्रेसीबरोबर निघाली. ट्रेसी दारात उभी राहून मागायची, आणि आमची पोरगी त्याच दारात लाडू पुढं करायची.

एका म्हातारीनं विचारलं, याचे किती द्यायचे? एकाला वाटलं चर्चची माणसं आली, त्यानं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी घेतले. सकाळी कामाला निघालो तेव्हा गल्लीभर घरांपुढच्या बुटक्या भिंतींवर आमचे लाडू मांडून ठेवलेले दिसले. कागद दवानं ओले. एकेक उचलून डब्याच्या पिशवीत टाकत गेलो.

पॅट दूध घ्यायला दारात आली होती. ती सगळ्यांनाच लव्ह म्हणायची. म्हणाली, "लव्ह, पोरीनं मागितलं असतं तर लोकांनी पिशवी भरून दिली असती."

संध्याकाळी ट्रेसी आपली पिशवी घेऊन आली. निम्मं सुजाताच्या पुढं ओतलं.

"पप्पा, ही देते. घेऊ? मी नाही मागितलं."

"ट्रेसीनं मागूनच आणलंय ना?"

सुजातानं सगळं परत तिच्या पिशवीत भरलं.

* * *

नव्वदनंतर आपल्या मराठी मंडळींनाही हॅलोवीनचं खूळ लागलं. एका वर्षी हॉल घेतला. पुठ्ठ्याची दारं उभी केली, दारामागं एकेक बाई चॉकलेटं घेऊन उभी. पोरांनी एका दारावरून दुसऱ्या दारावर जायचं. सगळा पुढाकार इनामदारबाईंचा. त्यांचे मिस्टर हॉस्पिटलात मोठे डॉक्टर.

सुजाता तेव्हा बारा वर्षांची. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी मागं गायकवाडबरोबर चहा पीत होतो.

इनामदारबाई तिला म्हणाल्या, "अगं जा की. लाजतेस काय? तुमच्यात तर पूर्वीपासून हे..." आणि थांबल्या. मग हसल्या. "गंमत गं, गंमत."

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. गायकवाडनं कप खाली ठेवला. मी म्हटलं, "सुजाता, कोट घाल."

गाडीत तिनं विचारलं, "पप्पा, 'तुमच्यात' म्हणजे कुणात?"

मी गाडी कडेला घेतली आणि पोरीला सगळं सांगितलं. पाळी, घोंगडं, काठी, जोहार. काय म्हणून ओरडायचे, तेसुद्धा सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडून निघाले.

"तुमच्या पप्पांना ते लोक आत बोलवायचे?"

"नाही."

घर आलं. दार उघडताना म्हणाली, "आणि तरी आपण त्यांच्या पार्टीला जातो?"

* * *

पुढच्याच वर्षीची गोष्ट. हॅलोवीनच्या संध्याकाळी सुजाता म्हणाली, "पप्पा, ओडबीला फ्रेंडकडे सोडा ना." ओडबी म्हणजे मोठ्या लोकांची वस्ती. सोडतो म्हटलं. तिच्याजवळ एक मोठी पिशवी होती आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

सांगितलेल्या घरापुढं गाडी थांबवली. पाऊस भुरभुरत होता. खाली उतरून तिनं पिशवीतनं आमच्या सोफ्यावरचं तपकिरी ब्लँकेट काढलं आणि डोक्यावरून घेतलं. कागद सोडला. आत पडद्याचा रॉड, त्याला ख्रिसमसच्या घंट्या बांधलेल्या. मला वाटलं, पोरांचं काही सोंग असेल.

ती दाराजवळ गेली नाही. फाटकाच्या आत, लांबच उभी राहिली. रॉड जमिनीवर आपटला. आणि इंग्लिश वळणाच्या मराठीत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, "जोहार मायबाप. येसकराला भाकर वाढा."

दार उघडलं. चॉकलेटांचं भांडं घेऊन, हसत हसत, इनामदारबाई.

हसू तिथंच थांबलं. मागं डॉक्टर येऊन उभे राहिले. बाईंनी मान वळवून गाडीकडं पाहिलं. मी आत बसलेला त्यांना दिसलो.

"आत ये बाळ," त्या म्हणाल्या. "भिजशील."

"येसकर आत येत नसतात. भाकर द्या."

बाई आत गेल्या. परत यायला वेळ लागला. चंदेरी कागदावर एक चपाती घेऊन पावसात फाटकापर्यंत चालत आल्या, दोन्ही हातांनी दिली. सुजातानं घेतली आणि येऊन माझ्या शेजारी बसली.

"मागून आणली," म्हणाली.

"टाक ती."

तिनं टाकली नाही. सगळ्या गाडीभर तुपाचा वास. घरी कमलनं विचारलं, कुठनं आणली? सुजातानं सांगितलं. कमल खाली बसली. चपातीचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला. "गरम हाय अजून," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. सुजातानं दुसरा मोडला. मला विचारलं. मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी इनामदारबाईंचा फोन आला. रडत होत्या. चुकलं म्हणाल्या, डॉक्टरही बोलले. मी म्हटलं, झालं ते झालं. त्यांचं माझं तिथं मिटलं.

दारात हात पसरला म्हणून माझी माफी मागायची आहे ती एकीनंच, आणि ती तिनं आजवर मागितलेली नाही. सुजाता सदाशिव कांबळे.