भोंग्याची निब

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘भोंगा’ म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. आवाजच तसा होता. इकडे टोमॅटोच्या ढिगाशी त्यानं बोली पुकारली की तिकडे फाटकाशी चहा पिणारा ट्रकवाला दचकायचा. घरीही तेच. जेवताना त्यानं मीठ मागितलं की शेजाऱ्यांना कळायचं, आज यांची भाजी अळणी झालीय. जो हळू बोलतो तो काहीतरी लपवतो, असं त्याचं सरळसोट मत होतं.

मग घसा बसला. बसला तो उठलाच नाही. वाफारे झाले, गुळण्या झाल्या, ज्यानं त्यानं सांगितलेले काढे झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वासासाठी गळ्यात एक भोक ठेवलं आणि त्यावर बांधायला जाळीदार कापड दिलं. बाजारातल्या एका टारगटानं विचारलंच, “आता भोंग्याला काय म्हणायचं रे?” कोणी हसलं नाही, एवढं बरं.

भोंगा घरी आला तो सुन्न होऊन. डाव्या कानाखालपासून खांद्यापर्यंतची कातडी बधिर झाली होती. दाढी करताना ब्लेड लागलं तरी रक्त दिसेपर्यंत कळायचं नाही. आतही तसंच काहीसं झालं होतं. वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. नात मांडीवर येऊन बसली तर बसू द्यायचा, उठून गेली तर जाऊ द्यायचा. पूर्वी रोज सकाळी तो बायकोला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, छोट्या जाहिरातींसकट. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, “तुम्हीच वाचा हो, तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.” हे वाक्य त्यानं बाजारभर मिरवलं होतं. आता वर्तमानपत्र यायचं आणि घडी न मोडता रद्दीत जायचं.

त्या सगळ्या बधिरपणात एकच जागा थोडी दुखायची. बायकोशी बोलणं होत नव्हतं. मुलाशी काय, सुनेशी काय, खाणाखुणांनी भागत होतं. पण जिच्याशी जन्मभर बडबड केली, तिच्यासमोर नुसतं बसून राहायचं आणि तिनंही नुसतं वाढायचं, हे काही खरं नव्हतं.

उपाय करून झाले होते. सुनेनं पाटी आणली, तर खडूची पूड भोकातून आत गेली आणि खोकून खोकून जीव अर्धा झाला. मुलानं मोबाइल पुढे केला, तर बायको म्हणाली, “ते डबडं माझ्यापुढे नाचवू नका.” राहिलं बॉलपेन. पण ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावली होती, हाताला जोर नव्हता, आणि बॉलपेन दाबल्याशिवाय चालत नाही. अक्षर इतकं पुसट यायचं की कागदावरून मुंगी गेल्यासारखं वाटायचं. चिठ्ठी हातात दिली की बायको ती लांब धरायची, जवळ धरायची आणि म्हणायची, “मला मेलीला दिसेल तर शपथ! चष्मा कुठे ठेवला कोण जाणे.” मग चिठ्ठी सुनेला वाचायला देऊन ती स्वयंपाकघरात निघून जायची. आता बायकोला लिहिलेलं सुनेनं मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर माणूस लिहिणार तरी काय? ‘पाणी दे’ आणि ‘गोळी कुठली’, एवढंच.

मुलानं डोकं लढवलं. “बाबा, शाईचं पेन घ्या. त्याला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की चालतं. आणि निब चांगली जाड बघून घ्या, म्हणजे आईला दिसेल. आईलाच बरोबर न्या.”

बायको यायला तयार नव्हती. पेनातलं मला काय कळतंय, म्हणाली. गुडघे दुखतात, म्हणाली. सुनेनं चप्पल आणून पायाशी ठेवली तेव्हा नाइलाजानं निघाली. रस्ताभर ती त्याच्या एक पाऊल मागेच होती.

दुकान अरुंद होतं. काचेच्या कपाटात पेनं आडवी मांडलेली, टेबलावर शाईच्या बाटल्या, टीपकागद आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं, आणि बोटांची टोकं निळी, ती आता धुऊन जाणारी नव्हती. भोंग्यानं गळ्याकडे बोट दाखवलं आणि लिहिल्यासारखा हात हलवला. त्या लगेच समजल्या. त्यांनी हळहळ केली नाही, हे भोंग्याला बरं वाटलं असतं, पण सध्या त्याला काहीच वाटत नव्हतं.

“कोणासाठी लिहिणार?” त्यांनी विचारलं.

भोंग्यानं बायकोकडे बोट केलं.

“मग निब त्यांनी निवडायची. लिहिणाऱ्याला काय, कुठलीही चालते. वाचणाऱ्याला सोसली पाहिजे. बारीक निबेनं अक्षर सुटं येतं, पण नजर चांगली लागते. जाड निबेनं ठसठशीत येतं, पण घाईत लिहिलं तर म आणि भ च्या गाठी बुजतात, मग ‘मात’ की ‘भात’ ते ओळखत बसा. बसा ताई, अशा इकडे.”

बायको खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिनं हात टेबलावर ठेवले. मालकीणबाईंनी आधी बारीक निबेचं पेन दिलं. भोंग्यानं ते कागदाला टेकवलं, आणि खरंच, जोर न लावता रेघ उमटली. लोक पेन बघताना आपलं नाव लिहितात नाहीतर गिरगोट्या काढतात. भोंगाही तेच करणार होता. तेवढ्यात त्याला दिसलं की बायकोच्या बाहीचं टोक शाईत बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या पेनावर टेकलंय आणि निळा डाग वर चढतोय. त्यानं लिहिलं, ‘बाही उचल, शाई लागतेय.’ आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं तो लांब धरला. “छान आलंय,” ती म्हणाली. “जरा बारीक आहे, पण छान.”

बाही तिथेच.

दिसलं नसेल, असं भोंग्याला वाटलं. त्यानं मधल्या निबेचं पेन घेतलं आणि तेच मोठ्या अक्षरात लिहिलं. बायकोनं मान डोलावली. “हं, हे स्वच्छ दिसतंय बघा.” डाग आता मनगटाच्या वर आला होता. मालकीणबाईंनी जाड निब पुढे केली. भोंग्यानं एकेक अक्षर लाडवाएवढं काढलं. आंधळ्यालाही चाचपून कळावं, असं.

“हेच घ्या,” बायको म्हणाली. “हे सगळ्यात छान.”

मालकीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग बाहीकडे.  त्यांनी टीपकागद उचलला आणि तिच्या मनगटाखाली सरकवला. बायकोनं खाली पाहिलं. शाई पाहिली. मग त्या तीन कागदांकडे पाहिलं, त्या तीन ओळींकडे, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

भोंग्याला कळलं. कळलं म्हणजे काय, आत कुठेतरी जाऊन पडलं, पण आवाज आला नाही. हिला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. सही तेवढी झोकात करते, तीही घोटून घोटून बसवलेली. आणि ‘तुमच्या तोंडून बरं वाटतं’ म्हणजे हे होतं होय! त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. एवढंच डोक्यात आलं की आता निब जाड घ्या, बारीक घ्या, नाहीतर झाडूनं लिहा, हिच्याशी बोलायचा रस्ता संपला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि तो दुकानाबाहेर गेला.

बायको मागोमाग आली. फुटपाथवर लोक येत-जात होते. ती ओली बाही मुठीत धरून उभी राहिली आणि एकदम सुटलीच.

“झालं समाधान? बसा आता सगळ्या बाजाराला ओरडून सांगत, भोंग्याची बायको अंगठाछाप म्हणून!” बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ओरडून सांगणार कसा तो?

ऑपरेशन झाल्यापासून भोंग्यानं बोलण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. आवाजाशिवाय ओठ हलवायचे म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा. त्याला लाज वाटायची. आता लाज वाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि जसं नेहमी बोलायचा तसंच बोलला. आवाज तेवढा नव्हता.

“आधी का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार?” ती ताडकन म्हणाली. “तुम्ही गप्प कधी बसलात?”

 एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला.

भोंग्यानं पुन्हा ओठ हलवले. “कळलं तुला?”

“न कळायला काय झालं?” तिचा राग अजून उतरला नव्हता. “बाजारात मी डबा घेऊन यायचे, तेव्हा त्या वजनकाट्यामागे उभी असायचे. कानाशी हमालांचा केवढा तो गलका! तुम्ही पलीकडून सांगायचात, थांब, आलोच, भाजीत तिखट कमी घाल, अमकं नि तमकं. ते काय मला ऐकू यायचं? तोंड बघून कळायचं. इतके दिवस तोंड शिवून बसलात, तर मी काय करणार, कपाळ?”

हे मात्र लागलं. ज्या आवाजाची एवढी ऐट केली, तो बाजारात बायकोला ऐकूच येत नव्हता! भोंग्याचे खांदे हलले. गळ्यावरचं कापड फडफडलं. बायको घाबरली, खोकला आला की काय म्हणून तिनं त्याची पाठ धरली. खोकला नव्हता. तो हसत होता. मग डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. बधिर भागावरून हात गेला की त्याला काही कळत नव्हतं, आणि पुढे सरकला की कळत होतं.

“चला,” ती म्हणाली, “त्या बाईंचे तीन कागद फुकट घालवलेत आपण.”

मालकीणबाईंनी जाड निबेचं पेन पुसून बाजूला काढून ठेवलं होतं. “हेच बांधून देऊ ना?”

भोंग्यानं त्यांच्याकडे बघून ओठ हलवले. त्यांना उमगेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“काय म्हणतात हो ते?”

“म्हणतात, बारीकच द्या,” बायको म्हणाली. “पेन बाकीच्यांसाठी हवंय.”