मिश्राजी आणि डार्करूमची बत्ती

किस्से डीप फ्रीझरमधल्या बर्फासारखे साचतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही. दार उघडलं की कळतं, किती साचलेत! हे माझ्या बायकोच्या, सुधाच्या, लखनौच्या लॅबमधले. ऐंशीच्या दशकातले. सांगायची ती. आता मी सांगतो.

*

सुधाची पीएचडी एका प्रोटीनवर होती. त्याला फॉस्फेट चिकटलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. निघालं की थांबतो. कॅन्सरच्या पेशीत तो थांबतच नाही. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईला तिने समजावलं, "दिवा लागतो, पण बंदच होत नाही, आई."

"मग तो आधी आपल्या घरात बसव! इथे रोज वीज जाते!"

*

फॉस्फेट ओळखता यावं म्हणून किरणोत्सर्गी फॉस्फरस लागे. तो मुंबईहून विमानाने येई आणि चौदा दिवसांत निम्मा होई. एकदा कार्गोच्या बाबूने धोक्याचं चिन्ह पाहून पेटी कुलपात घातली, आणि किल्ली घेऊन रजेवर गेला! तो परतल्यावर सुधा कळवळून म्हणाली, "भैया, इसका असर रोज कम हो रहा है!"

"तो अच्छा ही है, मैडम. पूरा खत्म हो जाए, तब ले जाइए!"

*

चहाआधी प्रत्येकाने हात किरण मोजणाऱ्या काउंटरखाली धरायचे. किरण लागले असतील तर तो टकटक करी. अटेंडंट मिश्राजी फॉस्फरसच्या जवळपासही जात नसत, तरी रांगेत पहिले! काउंटर गप्प.

"घर में कोई बात नहीं करता, यहाँ मशीन भी नहीं बोलती!"

*

फेलोशिप संपत आली होती. फॉस्फरसच्या किरणांनी एक्स-रे फिल्मवर कॅन्सरच्या पेशींची पट्टी गडद उमटली तर थिसिस, नाही तर आठ वर्षं पाण्यात. आठवडाभर ठेवलेली फिल्म सुधा डार्करूममध्ये धुवायला घेत होती, तोच मिश्राजी चहा घेऊन आत आले. त्यांनी दिवा लावला. फिल्म कोळशासारखी काळी!

"अँधेरे में अकेली बैठी थीं, मैडम. हमसे देखा नहीं गया."

*

आता खोक्यात एकच फिल्म उरली होती. फॉस्फरस निम्मा झालेला, म्हणून ती दोन आठवडे ठेवली. धुवायच्या दिवशी मिश्राजी दाराबाहेर स्टूल टाकून बसले. मीही कॉलेजात शिकवायचे तास बुडवून शेजारी. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन डायरेक्टर आले. मिश्राजींनी हात आडवा केला.

"मैं डायरेक्टर हूँ!"

"तो साहब, धीरे बोलिए."

आतला नळ थांबला. मग सुधा ओरडली, मराठीतच, "अहो, आली! गडद आली!"

डायरेक्टरांनी दाराकडे हात नेला. मिश्राजींनी तो पुन्हा अडवला. उठले, सदरा सारखा केला आणि दारावर हलकेच बोट वाजवलं.

"मैडम, अब बत्ती जला दें?"