नांगरलेली गुराब

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद जोपासावा, असे ज्यांना स्वतःला कसलाच छंद नसतो ते लोक सांगतात. मी त्यांचे ऐकले नाही. जहाज बांधले ते मुलीसाठी. घोडबंदर रोडवर बांधकाम चालू असलेल्या नव्या घरातला कोनाडा दाखवून ती म्हणाली होती, "बाबा, इथे तुमच्या हातचं काहीतरी हवं." कोणाचे मागणे मी सहसा मनावर घेत नाही. हे घेतले.

मराठी आरमारातल्या गुराबेच्या, म्हणजे तोफांच्या लढाऊ जहाजाच्या, प्रतिकृतीचा लाकडी संच मागवला. खोक्यावर 'कोणालाही सहज जमेल' असे छापले होते. छापणाऱ्याने खोके उघडून पाहिले नसावे. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, उष्णतेवर वाकवायच्या, सांगाड्याला चिकटवून टाचण्यांनी धरून ठेवायच्या. घाई केली की पट्टी मोडते, आणि संचात जादा पट्टी नसते. कळव्याच्या आमच्या घरातले जेवणाचे टेबल दोन पावसाळे अडले. पत्नी मांडीवर ताट घेऊन जेवली आणि दर जेवणाला तसे बोलून दाखवले.

शिडे मी मुद्दाम गुंडाळून बांधली. मला नांगर टाकून उभी असलेली गुराब हवी होती. फुगलेल्या शिडांची जहाजे भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी गुराब घेऊन मुलीकडे गेलो. घरात जावई होते आणि जावयांनी बोलावलेले वास्तुतज्ज्ञ होते. हातात होकायंत्र. समुद्राशी त्यांचा तेवढाच संबंध.

"काका, शिप मस्त आहे, पण शिडं बंद आहेत," ते म्हणाले. "म्हणजे पैसा अडकला. शिडं फुगलेली पाहिजेत. आणि हे पुढचं तोंड घराच्या आत."

"त्याला नाळ म्हणतात."

"तेच ते. बाहेर तोंड केलं की लक्ष्मी निघून जाते."

"जहाजाने?"

त्यांनी बोट तोफांवर ठेवले. "आणि या तोफा काढा. घरात कलह होतो."

जावई माझ्याकडे वळले. "बाबा, तोफा निघतील ना? चिकटवलेल्याच आहेत."

"लढाऊ जहाज आहे ते."

"हो, पण कोणाला कळणार आहे?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. ती ओट्याकडे पाहत होती. मी गुराब उचलली आणि परत निघालो.

दुसऱ्या दिवशी पूजेला गेलो. कोनाड्यात पितळी जहाज आले होते. शिडे टम्म फुगलेली, आणि पोटात काठोकाठ नाणी. खरे जहाज तेवढ्या भाराने धक्क्यालाच बुडाले असते. मी प्रसाद घेतला आणि निघालो. गुराब कळव्याला जेवणाच्या टेबलावरच राहिली. पत्नीने आपणहून ताट मांडीवर घेतले. तिच्या बाबतीत हे विशेष.

दिवाळीनंतर मुलगी एकटीच गाडी घेऊन आली. काखेत उशी होती.

"न्यायला आलेय," ती म्हणाली.

"आणि तोफा?"

"राहू देत. भांडणं तोफांशिवायही होतात, बाबा. ते पितळेचं आल्यापासून रोज होतायत."

"जावईबापूंचे काय म्हणणे?"

"मीच त्यांना म्हटलं, तोफा काढायच्या तर आधी कळव्याला जाऊन बाबांना विचारून या."

मी उशी नीट करून गुराब मागच्या सीटवर ठेवली. ताण दिलेले दोर एकदा तपासले.

"नाळ दाराकडे ठेव," मी सांगितले. "भिंतीकडे तोंड करून उभी करू नकोस."

"माहितीये."

त्या दिवशी पत्नीने टेबलावर ताटे मांडली. टेबल उगाचच मोठे वाटले.